बालगृहाबाहेरील पहिले वर्ष

ज्या वाचकांनी नागपूर येथील कळमन्याची बाजारपेठ पाहिली आहे, त्यांस तेथील पहाटेचे वर्णन सांगावयास नको. सूर्य उगवण्यापूर्वीच भाजीपाल्याच्या गाड्या येऊन उभ्या राहतात. हंगामात संत्र्यांचे ढीग पडतात. लाल मिरचीच्या पोत्यांजवळून जाताना परक्या माणसास ठसका लागल्यावाचून राहत नाही. अडते, मापारी, हमाल, गाडीवान व चहावाले ह्यांच्या हाकांनी सारे आवार भरून जाते. आपल्या गावांतील पुष्कळ शेतकरी आपला माल घेऊन तेथे जात असतात.

अशा ठिकाणी एखादा अनोळखी मुलगा काम मागावयास आला, तर त्याची फारशी चौकशी होत नाही. परवान्याच्या हमालीत नव्या माणसाचा एकदम शिरकाव होत नसला, तरी गाडी रिकामी करणे, कांदे-बटाटे निवडणे, खानावळीत भांडी घासणे अशी किरकोळ कामे निघतातच. अंगात बळ आहे की नाही एवढेच पाहिले जाते.

असा एक मुलगा आपण ह्या पाठापुरता डोळ्यांपुढे आणू. हा कोणी विशिष्ट मुलगा नव्हे. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या अनेकांची स्थिती समजावी म्हणून तो कल्पिला आहे. त्याला गेल्या आठवड्यात अठरा वर्षे पूर्ण झाली. त्याच्याजवळ कपड्यांचे दोन जोड, एक चादर व कागदपत्रांची एक पिशवी आहे. दुपारपर्यंत त्याला काम मिळते आणि संध्याकाळी हातात मजुरीही पडते. परंतु दिवे लागल्यावर त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. आज निजावयाचे कोठे? आणि आपणांस काम मिळाले, ही गोष्ट सांगावयाची कोणाला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पैशाने मिळू शकेल. दुसऱ्याचे उत्तर पैशाने मिळत नाही, आणि ह्या पाठाचा विषय मुख्यतः तोच आहे.

१. अठरावे वर्ष

बालगृहांत राहणारी सर्वच मुले आईबापांविना असतात असे नव्हे. काहींचे आईबाप वारलेले असतात, काहींचा ठावठिकाणा लागत नाही. परंतु कित्येकांची आई किंवा बाप हयात असूनही दारिद्र्य, आजार, व्यसन, तुरुंगवास किंवा घरातील कलह ह्यांमुळे मुलाचा सांभाळ करू शकत नाही. अशा मुलांना कोठे ठेवावे, ह्याचा निर्णय प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती देते, आणि जिल्ह्यातील बाल संरक्षणाचे काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष पाहतो.

आपल्या देशात १८७५ च्या सज्ञानता कायद्यापासून अठरा वर्षांचे वय हे सामान्यतः सज्ञानतेचे वय मानले गेले आहे. घरात वाढणाऱ्या मुलाच्या आयुष्यात ह्या दिवशी फारसे काही घडत नाही. तो मतदार होतो, इतकेच. तो बावीस वर्षांचा होईपर्यंत शिकत असला किंवा नोकरी शोधत असला, तरी रात्री त्याचे ताट वाढलेले असते. मुलीचे लग्न झाले तरी पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येते; सासरी काही कमीजास्त झाले तर तिची पावले प्रथम माहेरकडे वळतात. 'माहेर' हा आपल्या भाषेतील केवढा मोठा शब्द आहे! जेथून आपण निघालो, तेथे परत जाता येते, अशी खात्री त्या एका शब्दात साठवलेली आहे.

बालगृहातील मुलास ही खात्री नसते. ज्या दिवशी तो कायद्याने मोठा होतो, त्याच दिवशी त्याचे अंथरूण, त्याचे ताट, त्याची शाळेची फी आणि त्याची ओळखीची माणसे ह्या साऱ्यांवरील त्याचा हक्क संपुष्टात येऊ लागतो. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली असली, तरी वाढदिवस थांबत नाही.

२. संस्थेत जे शिकावयास मिळत नाही

संस्था चांगली असली तरीही काही गोष्टी तेथे आपोआप शिकता येत नाहीत, हे आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. ह्यात संस्थेच्या चालकांना दोष देण्याचा हेतू नाही. पन्नास मुलांचा स्वयंपाक एका मोठ्या पातेल्यात होतो. त्यामुळे एका माणसाला महिन्याला किती पीठ व किती तेल लागते, हे त्या मुलास ठाऊक नसते. घंटा झाली की उठावे व घंटा झाली की जेवावे, अशी सवय लागलेली असल्यामुळे स्वतःच्या दिवसाची आखणी त्याने कधी केलेली नसते. तो नेहमी इतरांबरोबर निजलेला असतो. भाड्याच्या खोलीत एकट्याने काढलेली पहिली रात्र त्याला भयाण वाटते. खोलीची किल्ली पूर्वी कधी त्याच्या खिशात नव्हती. पैसा थोडाफार हातात आला असेल, पण 'हा पैसा महिनाअखेरपर्यंत पुरवावयाचा आहे' अशी वेळ त्याच्यावर आलेली नसते.

घरातील मूल ह्या गोष्टी कोणी न शिकवता शिकते. आई वाण्याकडे हिशेब करते तेव्हा ते शेजारी उभे असते. बाप सावकाराशी किंवा बँकेच्या कारकुनाशी कसा बोलतो, हे ते ऐकते. कोणावर विश्वास ठेवावा व कोणावर ठेवू नये, हे त्याला घरातल्या गप्पांतून कळते. संस्थेतील मुलास ह्याच गोष्टी हेतुपुरस्सर, आणि बाहेर पडण्याच्या पुष्कळ आधीपासून, शिकवाव्या लागतात.

आणखी एक अडचण आहे, ती कागदांची. जन्माचा दाखला, आधार कार्ड, अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचे पासबुक ह्यांपैकी एखादा कागद नसला की पुढचे सर्व अडते. ज्याला वडिलांचे नाव ठाऊक नाही, किंवा ज्याच्या जातीची कोठेही नोंद नाही, त्याला अर्जातील प्रत्येक रकाना म्हणजे एक भिंत होऊन बसते. खोली भाड्याने देणारा विचारतो, 'गाव कोणते? वडील काय करतात?' त्याचा प्रश्न साधाच असतो. परंतु उत्तर देताना मुलाची मान खाली जाते.

३. कायद्याने काय देऊ केले आहे

ह्या मुलांचा विचार कायद्याने केलेला नाही असे मात्र समजू नये. नागपूर हे ज्या मध्यप्रांताच्या राजधानीचे शहर होते, त्या प्रांतात मुलांसंबंधीचा कायदा १९२८ सालीच झाला होता. मुंबई इलाख्यात तो १९२४ मध्ये झाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्राध्यापक माधव सदाशिव गोरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. संस्थांतून बाहेर पडणाऱ्यांच्या पुढील सोयीचा, म्हणजे ज्याला सरकारी भाषेत 'अनुरक्षण' म्हणतात त्याचा, विचार करणे हे तिचे काम होते. म्हणजे प्रश्न नवा नाही, आणि तो कोणाच्या ध्यानात आला नव्हता असेही नाही.

आज लागू असलेला मुख्य कायदा म्हणजे २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम. तो जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. त्याच्या ४६ व्या कलमात असे सांगितले आहे की, अठरा वर्षे पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलास समाजात मिसळून जाता यावे म्हणून आर्थिक साहाय्य देता येईल. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार हे साहाय्य एकवीस वर्षांपर्यंत, व अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे, चालू ठेवता येते. सहा ते आठ जणांनी मिळून राहावयाचे तात्पुरते निवासस्थान, धंदेशिक्षणाच्या काळातील विद्यावेतन, नियमित भेटणारा समुपदेशक आणि स्वतःचा धंदा काढू पाहणाऱ्यास कर्ज, ह्या गोष्टी त्या नियमांत आहेत. केंद्र सरकारच्या 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा तरुणास दरमहा ४,००० रुपये देण्याची तरतूद आहे.

दोन गोष्टी येथे लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की, कायद्याचे शब्द 'देता येईल' असे आहेत, 'दिलेच पाहिजे' असे नाहीत. म्हणून कोणीतरी मागावे लागते, अर्ज करावा लागतो, समितीपुढे जाऊन सांगावे लागते. ज्या मुलाला अशी तरतूद आहे हेच माहीत नाही, तो काय मागणार? दुसरी गोष्ट हिशेबाची. महिन्याला ४,००० रुपये म्हणजे दिवसाला सुमारे १३३ रुपये. शहरात खोलीचे भाडे, दोन वेळचे जेवण, कामावर जाण्यायेण्याचा खर्च व आजारपण हे सर्व त्यात बसवावयाचे, हे प्रौढ गृहस्थालाही अवघड जाईल. ही रक्कम आधार देते, परंतु तेवढ्यावर संसार उभा राहत नाही.

ह्या विषयाची एक पाहणी महाराष्ट्रासह पाच राज्यांत होऊन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. संस्था सोडलेल्या ४३५ तरुणतरुणींशी बोलून ती केली होती. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना स्वतःच्या कमाईचे साधन नव्हते, असे तीत आढळून आले.

४. मागील पिढ्यांचा अनुभव

आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात ह्या प्रश्नाची दोन जुनी उदाहरणे आहेत. पहिले नाशिकजवळील शरणपूरचे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे आणून वाढवली जात. त्यांस अक्षरज्ञानाबरोबर सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकवले जात. ही मुले मोठी झाल्यावर कोठे जाणार? ती नाशिककर नव्हती, आणि आफ्रिकेत त्यांना ओळखणारे कोणी उरले नव्हते. त्यांपैकी जेकब वेनराइट हा प्रवासी लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीसाठी गेलेल्या तुकडीत होता. लिव्हिंग्स्टन ह्यांचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ साली लंडन येथे त्यांच्या दफनविधीसही तो उपस्थित होता. पुढे १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रियरटाउन ही वस्ती झाली, तेव्हा शरणपूरचेच पाद्री प्राइस ह्यांनी तिच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि नाशिकला वाढलेले कित्येक जण तेथे जाऊन राहिले. त्यांच्या हाती धंदा होता, आणि त्याबरोबर एकमेकांची संगतही होती. परक्या मुलखात पाय रोवावयास ह्या दोन्ही गोष्टी लागल्या.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनाचे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात फिरल्या आणि उपाशी व निराधार मुलींना केडगावी घेऊन आल्या. तेथे विणकाम, छापखाना, शेती, गाईगुरे, तेलाची घाणी अशी नाना कामे मुलींच्या हाती दिली गेली. 'पुढे ह्या मुलींचे काय होणार?' हा प्रश्न त्या बाईंनी मुली आल्या त्या दिवसापासूनच मनात धरला होता, असे त्या उद्योगांकडे पाहता वाटते.

तथापि ह्या जुन्या पद्धतीत एक उणीवही होती, ती आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मिशनच्या आवारात वाढलेले कित्येक जण आयुष्यभर आवारातच राहिले. काम मिशनचे, घर मिशनचे, वरिष्ठही मिशनचे. त्यांना छत्र मिळाले, पण स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची संधी कमी मिळाली. म्हणून एकीकडे दाराबाहेर लोटणे आणि दुसरीकडे दारातून कधीच न सोडणे, ह्या दोहोंच्या मधला मार्ग शोधावयाचा आहे.

५. आपल्या काळातील दोन जीवने

गोव्यातील एका अनाथाश्रमात वाढलेली अमृता करवंदे ही मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर पुण्यास आली. पहिली रात्र तिने रेल्वे स्थानकावर काढली. मिळेल ते काम करीत ती शिकली व महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसली. परंतु अनाथ मुलांना कोणत्याच सवलतीच्या वर्गात जागा नव्हती; ज्यांच्या पाठीशी घर आहे, त्यांच्याशीच तिला बरोबरीने स्पर्धा करावी लागली, आणि तिची निवड झाली नाही. तिने हे गाऱ्हाणे थेट राज्याच्या मुख्यमंत्र्यांपुढे नेले. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का जागा राखून ठेवण्याचा निर्णय घेतला. एका मुलीने मागितले म्हणून पुष्कळांना मिळाले. मात्र त्या पहिल्या रात्री स्थानकावर तिच्याजवळ कोणी नव्हते, ही गोष्ट त्या निर्णयाने पुसली जात नाही.

दुसरे जीवन आपल्या विदर्भातले आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर ह्यांनी अपंग व बेवारस मुलांचे बालगृह चालवले आहे. ज्यांना टाकून दिले होते अशा शंभराहून अधिक मुलांना त्यांनी वाढवले, आणि बापाच्या नावाच्या जागी स्वतःचे नाव दिले. अठरा वर्षे झाली म्हणून अशा मुलांना संस्थेतून काढू नये, त्यांना तेथेच राहू द्यावे, असा कायदा व्हावा ही मागणी ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. २०२४ मध्ये सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरवले. त्यांची एक मानसकन्या, माला पापळकर, ही तान्ही असताना जळगाव रेल्वे स्थानकावर सोडून दिलेली सापडली होती. ती दृष्टिहीन आहे. वझ्झरला वाढून, पुढे अमरावतीस शिकून, ती २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात तिची नेमणूक झाली.

दोघींचेही धैर्य मोठे. परंतु दोघींच्या वाटेत एक फरक होता. एकीला बाहेर पडल्यावर मागे वळून पाहण्यास दार नव्हते, दुसरीला होते. शिकावयास बाहेर जाता यावे, कमावता यावे, आणि तरीही आपले म्हणून एक दार मागे उघडे असावे, ह्यालाच आपण माहेर म्हणतो.

६. एक ओळखीचे माणूस

इंग्लंडात २००० साली ह्या विषयावर स्वतंत्र कायदा झाला. त्यात केवळ पैशाची तरतूद नव्हती. संस्था सोडणाऱ्या प्रत्येक तरुणासाठी एक सल्लागार नेमून द्यावा, त्याने त्या तरुणाच्या संपर्कात राहावे, आणि पुढील वाटचालीचा आराखडा दोघांनी मिळून लिहून ठेवावा, असे त्यात ठरवले. २०१७ च्या कायद्याने अशा सल्लागाराचा आधार पंचवीस वर्षांपर्यंत वाढवण्यात आला. ह्यातील सार एवढेच की, 'समाजाने लक्ष ठेवावे' असे मोघम न म्हणता, 'अमुक माणसाने अमुक तरुणाकडे लक्ष ठेवावे' असे नेमून दिले.

हे काम करण्यास आपली गावेही समर्थ आहेत. पैसा कमी असेल, पण माणसे आहेत. पुढील गोष्टी कोणतीही लहान मंडळी करू शकेल.

पहिली गोष्ट, ओळख लवकर करावी. मूल सोळा वर्षांचे झाले की जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाऊन आपली तयारी सांगावी. त्यांच्या परवानगीने व नियमांप्रमाणेच मुलाची भेट घ्यावी. अठराव्या वर्षी दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसापेक्षा दोन वर्षांच्या परिचयाचे माणूस उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट, कागद. संस्था सोडण्यापूर्वीच सर्व दाखले तयार आहेत की नाहीत हे पाहावे. जे मूल अनाथ आहे, त्याचे अनाथ प्रमाणपत्र महिला व बाल विकास खात्याकडून मिळवण्यास मदत करावी. कारण आरक्षणाचा लाभ त्यावरच अवलंबून आहे. अनुरक्षणाच्या साहाय्यासाठी बालकल्याण समितीकडे अर्ज केला आहे का, हेही विचारावे.

तिसरी गोष्ट, हाताला सवय. बाजारात बरोबर न्यावे, भाव करू द्यावा, चूल किंवा गॅस पेटवून वरणभात रांधू द्यावा, बँकेत स्वतः चिठ्ठी भरू द्यावी. चूक झाली तर हसू नये. आपल्या पोराची पहिली भाकरी तरी कोठे गोल झाली होती?

चौथी गोष्ट, निवारा. दोघातिघांनी मिळून खोली घेणे एकट्याने घेण्यापेक्षा बरे. घरमालकाशी बोलताना एक पोक्त माणूस बरोबर असावे. अनामत रकमेसाठी उसने द्यावयाचे असल्यास आपल्या ऐपतीइतकेच द्यावे, व ते लिहून ठेवावे.

पाचवी गोष्ट, धंदा. कळमन्यात आज मिळालेली मजुरी मोहात पाडते, कारण ती आजच हातात येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्री, जोडारी किंवा मोटारदुरुस्तीचे काम शिकावयास वेळ लागतो, आणि त्या काळात पोट कसे भरावे हा प्रश्न असतो. नेमक्या ह्या काळात मदतीचा खरा उपयोग आहे. ज्या मुलास शिक्षणाच्या काळात जेवणाची चिंता नाही, तो पुढे आयुष्यभर पोती उचलणार नाही.

सहावी गोष्ट, नेमलेला दिवस. महिन्यातून एक दिवस ठरवावा व तो मोडू नये. त्या दिवशी जेवावयास बोलवावे, किंवा आपण जावे. सणाला निरोप पाठवावा. आजारी पडल्यास कोणाचा क्रमांक द्यावयाचा, हे आधी ठरलेले असावे. इस्पितळातील कागदावर 'जवळचे नातलग' ह्या रकान्यात लिहावयास एक नाव असणे किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याच्याजवळ ते नसते त्यालाच कळते.

७. काही सावधगिरी

चांगल्या कामातही चुका होतात, म्हणून त्या आधीच सांगणे बरे.

आधार देण्याच्या नावाखाली घरगडी मिळवू नये. मुलगा किंवा मुलगी आपल्या घरी राहिली, तरी तिच्या कामाचे दाम तिच्या हाती पडले पाहिजे. मुलीच्या बाबतीत जबाबदारी एखाद्या पोक्त स्त्रीने घ्यावी. 'लग्न लावून दिले की आपण सुटलो' असा विचार तर मुळीच करू नये. ज्या मुलीला परत येण्यास दार नाही, तिचे लग्न घाईने लावणे म्हणजे तिला बोलण्याची सोय नसलेल्या ठिकाणी पाठवणे होय. सासरी तिचा छळ झाला, तर ती कोणाच्या घरी जाईल? हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणी मध्यस्थी करू नये.

मुलाची कहाणी व्यासपीठावर सांगू नये, त्याचे छायाचित्र वर्गणी गोळा करण्यास वापरू नये. त्याचे पूर्वायुष्य ही त्याची मालमत्ता आहे. ती केव्हा व कोणापुढे उघडावयाची, हे तोच ठरवील. मदतीच्या मोबदल्यात त्याने आपल्या धर्माचे व्हावे किंवा आपल्या सांगण्याप्रमाणे वागावे, अशी अट घालू नये. अटीने दिलेले घर हे घर नव्हे.

शेवटी, तो चुकला तर दार लावू नये. तो नोकरी सोडील, पैसे उधळील, कदाचित आपणांस खोटेही सांगेल. आपल्या पोटच्या मुलांनी विसाव्या वर्षी ह्यापैकी काय केले नव्हते? त्यांना आपण रागावलो, पण रात्री जेवावयास वाढले. तीच रीत येथे लागू करावी.

पुन्हा कळमना

आपल्या कल्पनेतील मुलाकडे परत जाऊ. तो संध्याकाळी कळमन्याच्या फाटकाजवळ उभा आहे. त्याच्यापुढे मोठे शहर आहे आणि खिशात एका दिवसाची मजुरी आहे. ह्या वेळी त्याच्याजवळ येऊन 'चल, माझ्याकडे झोपावयास जागा आहे' असे म्हणणारा माणूस कसा असेल, हे त्याला कळणार नाही. तो भला असेल किंवा नसेल. अनेक आयुष्यांचे वळण ह्या एका संध्याकाळी ठरते.

आता असे समजा की, त्याच बाजारात आपल्या गावचा एक शेतकरी दर पंधरवड्यास माल घेऊन येतो. तो ह्या मुलास दोन वर्षांपासून ओळखतो. माल उतरून झाला की तो त्याच्या खोलीवर किंवा कामाच्या ठिकाणी जातो. गावाहून आणलेली थोडी तुरीची डाळ व भाकरी त्याच्या हाती देतो, आणि विचारतो, 'काय रे, बरा आहेस ना? महिनाअखेरीस गावाला येशील ना?' ह्याला काही मोठा खर्च आला नाही. गाडी तशीही येणारच होती. परंतु त्या मुलास आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. आपणांस काम मिळाले, हे सांगावयास त्याच्याजवळ माणूस आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या जिल्ह्यात कोणती बालगृहे आहेत? जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे कार्यालय कोठे आहे? पुढील बैठकीपर्यंत दोघांनी चौकशी करून यावे.

२. आपण अठरा वर्षांचे असताना कोणकोणत्या गोष्टींसाठी घरावर अवलंबून होतो? प्रत्येकाने तीन गोष्टी सांगाव्यात.

३. शरणपूर व केडगाव येथील उदाहरणांतून आज काय घेण्यासारखे आहे, आणि काय टाळण्यासारखे आहे?

४. महिन्याला ४,००० रुपयांत नागपुरात एका माणसाचा खर्च कसा बसवता येईल? कागदावर हिशेब मांडून पाहा, आणि कोठे कमी पडते ते सांगा.

५. आपल्यापैकी कोण नियमितपणे कळमन्यास किंवा दुसऱ्या शहरी बाजारात जातो? त्याची ती फेरी ह्या कामास कशी जोडता येईल?

६. मदत करणाऱ्याचा मोठेपणा आणि मदत घेणाऱ्याचा संकोच, हे दोन्ही कमी कसे करता येतील?